रेचल मॉर्गनचं देणं

रेचल मॉर्गन ही चेटकीण अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात राहते आणि फरारी गुन्हेगार पकडून देण्याच्या कामावर पोट भरते. केस लाल आणि न आवरणारे, जीभ तिखट, खिसा बहुतेक वेळा रिकामा. किम हॅरिसन या लेखिकेने तिला लिहिलं आहे; पुस्तकाबाहेर ती कुठेही नाही. तरीही मी ज्यांचं देणं लागते त्यांची नावं घ्यायची झाली, तर आई आणि कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई यांच्या पाठोपाठ मी तिचं नाव घेते. ते का, हे एकदा नीट लिहून ठेवायचं आहे.

लग्नाआधी मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. नवऱ्याला सिनसिनाटीत नोकरी लागली आणि २००५च्या सुमारास आम्ही तिकडे गेलो. त्याचा व्हिसा एच-१बी, माझा एच-४. हा दुसरा व्हिसा बायकामुलांसाठीचा. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण नोकरी करता येत नव्हती. बँकेचं खातं, घराचा करार, गाडीचा विमा, सगळीकडे माझं नाव त्याच्या नावाखाली. माणूस भला, पैसे मागावे लागले असं कधी झालं नाही. पण साताऱ्यात स्वतःच्या पगारातून आईला साडी घेणारी मी, तिथे साधी मेथीची जुडी घेतानाही किंमत दोनदा बघायची. आपण कुणाचं तरी खातो आहोत, ही भावना माणसाला आतून पोखरते. त्याबद्दल बोलायचीही चोरी, कारण तक्रार करावी असं समोर काहीच नसतं.

त्या दिवसांत मला वाचनालयाने धरून ठेवलं. सिनसिनाटीचं सार्वजनिक वाचनालय १८५३ सालचं. मुख्य इमारत व्हाइन स्ट्रीटवर आणि शाखा वस्तीवस्तीत. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक शाखा होती. तिथल्या ग्रंथपाल बाई साठीच्या होत्या, फार कमी बोलायच्या, पण परत आलेलं पुस्तक हातात घेतलं की ते आवडलं का, हे विचारल्याशिवाय राहायच्या नाहीत. एकदा त्यांनी मला विचारलं, तुला नेमकं काय वाचायला आवडतं? मी म्हटलं, झाडं आणि रहस्यकथा. त्या आत गेल्या आणि 'डेड विच वॉकिंग' घेऊन आल्या. म्हणाल्या, यात दोन्ही आहे, आणि गाव आपलंच आहे. त्यांनी 'आपलंच' म्हणताना मलाही त्यात धरलं होतं. त्या शहरात मला तसं धरणाऱ्या त्या पहिल्या.

२००४ साली आलेली ही मालिकेतली पहिली कादंबरी. या मालिकेला वाचक 'हॉलोज' म्हणून ओळखतात. किम हॅरिसन हे टोपणनाव. डॉन कुक या नावाने लेखिकेची आधीही पुस्तकं आली होती. शहरी अद्भुतकथा हा प्रकार तोवर इंग्रजीत चांगला रुजला होता. एमा बुल यांनी १९८७ साली मिनीॲपोलिसमध्ये परीलोकाचं युद्ध आणलं, लॉरेल हॅमिल्टन यांची ॲनिटा ब्लेक १९९३पासून सेंट लुईसमध्ये व्हॅम्पायरांशी झगडत होती, जिम बुचर यांचा जादूगार २००० साली शिकागोत कचेरी थाटून बसला होता. दूरच्या राज्यातले किल्ले आणि ड्रॅगन सोडून आपल्या ओळखीच्या रस्त्यांवर जादू उतरवायची, ही या लेखकांची रीत. हॅरिसन यांनी ती सिनसिनाटीत उतरवली.

त्यांच्या जगात १९६०च्या दशकात जनुकीय बदल केलेल्या टोमॅटोतून एक विषाणू पसरतो आणि माणसांचा मोठा हिस्सा मरतो. त्या वाताहतीत चेटकिणी, व्हॅम्पायर, लांडगेमाणसं अशी आजवर लपून राहिलेली मंडळी उघडपणे पुढे येतात आणि मोडू लागलेला समाज सावरून धरतात. चाळीस वर्षांनंतरही माणसं टोमॅटोला हात लावत नाहीत. पिझ्झावर टोमॅटोचा रस दिसला की खाणारी मंडळी माणसांतली नव्हेत हे कळतं. वनस्पतिशास्त्राच्या बाईला एवढं पुरेसं होतं. रोगाचा प्रसार, पिकाची भीती, त्यानंतर जनुकशास्त्रावर आलेली कायद्याची बंदी, हे सगळं लेखिकेने विचार करून मांडलं आहे. रेचलची जादूही बरीचशी झाडापाल्याची. चर्चच्या परसातल्या वाफ्यातून ती वनस्पती खुडते, तांब्याच्या भांड्यात काढा करते, लाकडाच्या चकतीवर मंत्र बसवते, तो जागा करायला स्वतःच्या बोटातलं रक्त देते आणि मोडायचा झाला तर मिठाच्या पाण्यात बुडवते. तिच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या आहेत, एक जेवणासाठी आणि एक मंत्रांसाठी. प्रयोगशाळेत काम केलेल्या बाईला त्या दोन शेगड्यांचा अर्थ लगेच कळतो.

माझ्या लहानपणची चेटकीण होती चिंची. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते नाटक व्हायचं आणि आम्ही सगळ्या मुली चिंचीवर जीव टाकायचो, कारण नाटकात धमाल तीच करायची. पण शेवटी ती हरणार हे ठरलेलं असायचं. पुढे नारायण धारपांच्या भयकथा वाचल्या. त्यांत अघोरी शक्तीला तोंड द्यायला समर्थ नावाचे नायक यायचे. घरातल्या बाईच्या वाट्याला झपाटलं जाणं यायचं. दोन्ही लेखकांवर माझं प्रेम आहे आणि ते टिकणारं आहे. पण चेटकीण स्वतःच गोष्ट सांगते आहे, कामाची बिलं भरते आहे, मार खाते आहे, उठून पुन्हा धडक देते आहे आणि ऐन संकटात एक झणझणीत वाक्य फेकते आहे, असं मी तोवर वाचलं नव्हतं.

रेचल पहिल्याच पुस्तकात नोकरी सोडते. साहेब मुद्दाम फालतू कामं देतो म्हणून. पण तिची ती सरकारी सुरक्षा संस्था सोडून जाणाऱ्याला जिवंत ठेवत नाही. तिच्या मरणावर इनाम लागतं, घरातल्या भांड्याकुंड्यांवर, कपड्यांवर शाप बसवले जातात. अंगावरच्या कपड्यांनिशी ती नदीपलीकडच्या हॉलोज वस्तीतल्या एका जुन्या चर्चमध्ये येते. बरोबर आयव्ही, रक्त प्यायचं सोडलेली व्हॅम्पायर. आणि जेंक्स, चार इंचांचा, पंखांचा, टिंकर बेलच्या नावाने अचाट शिव्या देणारा पिक्सी, त्याची बायको मॅटलिना आणि त्यांचा भलामोठा लेकुरवाळा संसार. या तिघांनी मिळून धंदा थाटायचा. पुढे ती मिंकचं रूप घेऊन शत्रूच्या घरात शिरते, पकडली जाते, उंदरांच्या बेकायदा झुंजीत सोडली जाते आणि तिथूनही सुटते. मी ते पुस्तक दोन दिवस हातातून खाली ठेवलं नाही. नवरा संध्याकाळी आला की मी त्याला स्वयंपाक करता करता पुढची गोष्ट सांगायची.

मग आम्ही शहर बघायला लागलो. ओहायो नदीवरचा निळा झुलता पूल रोब्लिंग यांचा. ब्रुकलिनच्या प्रसिद्ध पुलाचा आराखडाही त्यांचाच; त्याचं बांधकाम सुरू होण्याआधी त्यांनी हा बांधला. तो ओलांडला की केंटकी राज्य लागतं. रेचलची वस्ती हॅरिसन यांनी त्या पलीकडच्या काठावर वसवली आहे. पुलाच्या मधोमध उभं राहून मी पाणी बघायची आणि मला वाटायचं, एका काठावर माझं साधं जग आहे आणि दुसऱ्या काठावर तिचं. ईडन पार्कमधल्या तळ्याकाठी बसायची. कॅर्यू टॉवर बघायची, १९३० साली बांधलेला, शहरात कुठूनही दिसणारा. परक्या गावात माणूस हरवलेला असतो, कारण तिथल्या कुठल्याच कोपऱ्याला त्याच्यासाठी गोष्ट नसते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याकडे बघितलं की डोक्यात शंभर गोष्टी जाग्या होतात. सिनसिनाटीतल्या कोपऱ्यांना माझ्यासाठी गोष्टी दिल्या त्या हॅरिसन यांनी. हे त्यांचं माझ्यावरचं पहिलं ऋण.

दुसरं ऋण त्याहून खोल आहे. मालिका पुढे वाचत गेले तसं माझ्या लक्षात आलं की रेचलच्या सगळ्या कथा देण्याघेण्याच्या आहेत. पहिल्याच पुस्तकात जीव वाचवण्यासाठी सैतानाची मदत घ्यावी लागते आणि बदल्यात तिच्या मनगटावर त्याची खूण उमटते. ती खूण म्हणजे कर्ज. एका बड्या व्हॅम्पायरविरुद्ध कोर्टात साक्ष मिळावी म्हणून ती हिरव्या मखमली कोटातल्या त्या सैतानाला स्वतःला देऊ करते. मालिकेतल्या सैतानी जादूला किंमत असते: निसर्गाचा तोल बिघडवला की करणाऱ्याच्या आत्म्यावर काळं साचतं, आणि ते कुणीतरी वागवावंच लागतं. जेंक्सला मदत करण्यासाठी रेचल ते काळं स्वतःवर घेते, उघड्या डोळ्यांनी. आणि सगळ्यात मोठं देणं तिच्या जन्माशीच बांधलेलं आहे. लहानपणी ती रक्ताच्या असाध्य आजाराने मरणार होती; तिला वाचवलं ते तिच्या वैऱ्याच्या बापाने, कायद्याने बंदी असलेल्या उपचाराने. ज्याला तुरुंगात पाठवायचं त्याच्याच घराण्याचं देणं तिच्या रक्तात आहे.

हे सगळं माहीत असूनही रेचल मान खाली घालत नाही. तिला स्वतःच्या देण्यांचा पाढा तोंडपाठ असतो. कुणाचं किती, कोणत्या अटीवर, कशाच्या बदल्यात. अट अन्यायाची असेल तर ती भांडते, करारातली फट शोधते, सैतानाशीही घासाघीस करते. देणं रास्त असेल तर हातातली कामं टाकून ते फेडायला जाते. आयव्ही नसती तर तिला राहायला छप्पर नव्हतं. जेंक्स नसता तर पहिल्याच आठवड्यात तिचा घात झाला असता. आणि रेचल नसती तर त्या दोघांनाही जगण्याचं नवं कारण मिळालं नसतं. कुणीच एकट्याच्या बळावर उभं नाही, आणि त्यामुळे कुणी लहानही होत नाही.

मला तोवर वाटायचं की स्वतंत्र बाई म्हणजे कुणाचंच देणं नसलेली बाई. म्हणून नवऱ्याच्या पगारावर जगताना मी स्वतःला मोडीत काढलं होतं. रेचलने मला दाखवलं की देणं प्रत्येकाचंच असतं. स्वातंत्र्य असतं ते देण्याच्या अटी आपण बोलून ठरवण्यात. एका रात्री जेवताना मी हे नवऱ्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "अगं, मग माझ्याकडे तुझं किती निघतं ते कधी मांडलंस का?" कॉलेजातली कायम नोकरी सोडून मी आले होते. त्याची ऑफिसातली कठीण वर्षं मी ऐकून घेतली होती, परक्या देशात घर उभं केलं होतं. त्या रात्री आम्ही दोघांनी ते सगळं उघडपणे बोलून घेतलं. आमचं लग्न तेव्हापासून बरोबरीचं झालं असं मी मानते.

तिसरं ऋण सांगताना मला माझ्या आजोळी जावं लागतं. सातपुड्याच्या पायथ्याशी, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात आमचं आजोळ. तिथे गावाच्या टोकाला एक विधवा राहायची. भाऊबंदांत एक मूल तापाने गेलं आणि गावाने तिला डाकीण ठरवलं. दुकानदार तिला माल देईना, बायका विहिरीवरून तिला उठवायच्या. आई दर सुट्टीत आम्हा भावंडांना घेऊन मुद्दाम तिच्याकडे जायची आणि तिच्या हातची भाकरी आमच्या पानात वाढून घ्यायची. आजी चिडायची. आई तिला म्हणाली, "तिच्याकडे जमीन आहे आणि पाठीशी माणूस नाही, एवढाच तिचा गुन्हा." हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही.

'व्हाइट विच, ब्लॅक कर्स' हे २००९ साली आलेलं पुस्तक वाचत होते. रेचल नेहमीच्या दुकानात मंत्राचं सामान आणायला जाते आणि तिला माल मिळत नाही. चेटकिणींच्या समाजाने तिला वाळीत टाकलेलं असतं. सैतानी जादूचा तिच्यावर ठपका. तिने ती कुणाला वाचवायला वापरली हे विचारायला कुणी थांबत नाही. वाचता वाचता मला आजोळची ती बाई दिसली, दुकानाच्या पायरीवर उभी, हातात रिकामी पिशवी. मिशिगनमध्ये वाढलेल्या लेखिकेला सातपुडा माहीत असायचं कारण नाही. पण जमाव एका बाईला कसा एकटं पाडतो हे तिने नेमकं लिहिलं होतं, आणि तेही त्या बाईच्या आतून. आजोळी सगळ्यांनी त्या बाईविषयी बोललेलं मी ऐकलं होतं. ती स्वतः काय म्हणत असेल, हा प्रश्न मला पहिल्यांदा या पुस्तकाने घातला.

महाराष्ट्रातल्या माणसाने चेटकिणीच्या गोष्टी आवडीने वाचाव्यात का, असं मला इकडे अनेकांनी विचारलं आहे, आणि तो प्रश्न रास्त आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. डाकीण ठरवून बायकांचा छळ करण्याविरुद्ध त्यांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती सातपुड्याच्या पाड्यांवर काम करत आली आहे. त्या कामापुढे मी नतमस्तक आहे. आणि त्याच श्रद्धेने मी म्हणते की रेचलच्या गोष्टी त्या कामाच्या आड येत नाहीत. बुवा म्हणतो, माझ्या चमत्काराला कारण विचारू नका. हॅरिसन यांच्या जगात प्रत्येक जादूला कारण असतं, नियम असतो, किंमत असते आणि ती कुणी भरली याची नोंद असते. मुख्य म्हणजे तिथे गोष्ट सांगते ती ठपका आलेली बाई. ज्या मुलीने रेचलच्या डोळ्यांनी वाळीत पडणं अनुभवलं आहे, ती उद्या गावातल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवणाऱ्या गर्दीत उभी राहणार नाही, असा माझा विश्वास आहे.

२०१५च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने एच-४वरच्या काही जणांना काम करायची परवानगी दिली. ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत पोचला होता त्यांना. आम्ही त्यात बसत होतो. मी एका रोपवाटिकेत लागले. मातीत हात घालून, रोपांची नावं सांगत, गिऱ्हाइकांना सावली आणि पाणी समजावत दिवस जायचा. पहिल्या पगारातून आईसाठी साडी घेतली आणि स्वतःसाठी तोवर आलेले मालिकेचे तेरा भाग. ग्रंथपाल बाई तोवर निवृत्त होऊन दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या होत्या. त्यांना मी पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. त्यात त्यांनी माझ्याबद्दल चार शब्द लिहिले आणि बाकीचं पानभर पुस्तकांची नावं.

आता आम्ही साताऱ्यात परतलो आहोत. गावाबाहेर माझी छोटी रोपवाटिका आहे. सुट्टीत शेजारच्या मुली येतात. त्यांना मी रेचलच्या गोष्टी मराठीतून सांगते. जेंक्स त्यांचा सगळ्यांत लाडका. पिक्सी जेमतेम वीस वर्षं जगतात हे कळल्यावर एक मुलगी रडली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग रेचल त्याच्यासाठी काय करते?" मैत्रीतलं देणं म्हणजे काय, हे त्या मुलीला मी न शिकवता कळलं होतं.

किम हॅरिसन यांच्या ऋणाची परतफेड इंग्रजीत करता येणार नाही, ती मराठीतच करायला हवी. म्हणून मी लिहायला घेतलं आहे. माझी नायिका सातपुड्यातून नाशिकला आलेली, रोपांचं दुकान चालवणारी, फटकळ आणि कुणाच्याही बापाला न भिणारी बाई आहे. गावाने तिला डाकीण म्हटलं होतं. तिला जादू येते की नाही हे पुढे ठरेल. तिच्यावर कुणाकुणाचं देणं आहे ते मात्र मी आधी ठरवलं आहे, कारण तिथूनच माणूस कळतो हे मी रेचलकडून शिकले. त्या यादीत पहिलं नाव आहे गर्दीतून वाट काढून तिच्या घरी जेवायला आलेल्या एका बाईचं. ते नाव मी माझ्या आईचं दिलं आहे.